वरच्या न्हाणीचं पाणी

खोटं सांगून मला काय मिळणार? भुताखेतांवर विश्वास ठेवणारी मी नव्हेच. भांडायला मात्र कुणाच्या बापाला घाबरत नाही. तरी त्या दुपारबद्दल मी सहसा बोलत नाही.

हो, दुपारच. रात्रबित्र काही नव्हती.

१९६१चा श्रावण. बंगळूरचं चामराजपेट. माझे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर. सुब्बारावांच्या घरात आम्ही खाली भाड्याने राहत होतो. वर ते एकटेच. आमची कल्पना तेव्हा तान्ही होती.

तिच्या पाळण्याजवळच्या भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढी. मग पार छतापर्यंत. त्यावर काळी बुरशी.

पोरीची छाती भरली. खोकून खोकून निळी पडायची.

डॉक्टर म्हणाले, "आधी भिंत कोरडी करा. नाहीतर औषधाचा उपयोग नाही."

मी सुब्बारावांना गाठलं. "तुमची वरची न्हाणी गळतेय. दुरुस्त करा."

"न्हाणी? आई गेल्यापासून तिला कुलूप आहे, अम्मा. नळसुद्धा काढून टाकलाय."

"मग ओल कुठून आली?"

"तुम्ही लोक दुपटी घरात वाळत घालता. स्वल्प, जरा खिडक्या उघडा."

अंगाची नुसती लाही झाली. मेल्याचं घर गळतंय, आणि दोष माझ्या दुपट्यांना!

तरी खिडक्या उघडल्या. दुपटी व्हरांड्यात नेली. ओल वाढतच गेली.

आणि मग आवाज यायला लागला...

रोज दुपारी, सुब्बाराव बाहेर पडले की. अंगावर पाणी घेतल्याचा.

एक तांब्या... थोडं थांबून... दुसरा.

मागोमाग शिकेकाईचा वास खाली उतरायचा.

मला वाटलं, लबाडाने गुपचूप वर कुणाला तरी ठेवलंय. एका दुपारी ते परत आले तशी कल्पनाला कडेवर घेऊन मी जिन्यातच त्यांना अडवलं.

"कुलूप उघडा. आत्ताच्या आत्ता!"

बरीच कुरकुर करून त्यांनी उघडलं.

आत सगळं कोरडं ठणठणीत. धूळ, जळमटं. तांब्याचा हंडा पालथा घातलेला.

पण वर, उंच दोरीवर... एक लुगडं वाळत होतं.

ओलंचिंब. त्याचे थेंब टपटप पडत होते, आणि खालची फरशी मात्र कोरडीच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "हे काय मग?" म्हणत मी ते लुगडं खस्सकन ओढलं.

"मुट्टबेडी! हात लावू नका!" सुब्बाराव किंचाळले.

उशीर झाला होता. ते गारेगार लुगडं माझ्या मुठीत होतं.

सुब्बारावांनी कपाळावर हात मारला. "आईचं सोवळ्याचं आहे ते... हेच नेसवून तिला स्मशानात नेलं होतं."

ते बरळतच राहिले. आधीचे भाडेकरू गळतीवरून भांडायचे. मोरी नीट करायचं सोडून सुब्बारावांनी तिचं तोंडच बुजवून टाकलं. पाणी साचलं, शेवाळ धरलं. त्यावरून म्हातारी घसरली, ती पुन्हा उठलीच नाही.

"तिचं सोवळं फार कडक," ते पुटपुटले. "कुणी शिवलं की ती पुन्हा आंघोळीला बसायची."

आमच्या मागे... त्या पालथ्या हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

पोरीला छातीशी धरून मी जिना कसा उतरले, देव जाणे.

आठवड्याच्या आत आम्ही राजाजीनगरला आलो. नवीन घर, बैठं, वर मजला नाही. भिंती कोरड्या. कल्पनाचा खोकला थांबला. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि एक दिवस... पाळण्याजवळ तळहाताएवढी ओल दिसली.

मी तरातरा जाऊन घरमालक श्रीधररावांना बोलावून आणलं. त्यांनी भिंत चाचपली. वर पाहिलं. छताच्या वर नुसतं आभाळ.

"आमची भिंत कोरडीच होती, बाई," ते म्हणाले. "ही ओल तुमच्याबरोबर आलीय."

सोवळ्यातल्या बाईला शिवले होते मी. आणि ती पुन्हा आंघोळीला बसली होती.

ते गेल्यावर मी भिंतीला हात जोडले. "आजी, चूक माझी. माझं काय करायचं ते करा. पोरीला सोडा."

शिकेकाईचा वास आला...

आणि पाळण्यात कल्पना खोकली.