मालनच्या मापाचं दार

"तुमच्या गावातला सगळ्यात उंच माणूस कोण?"

आडसड्याच्या विहिरीपाशी येऊन नव्या गवंड्यानं पहिला प्रश्न हा विचारला आणि पाणी भरणाऱ्या साऱ्या बायका एकदम मालनकडे वळून हसल्या.

मालनच्या कमरेवरची कळशी हिंदकळली. पाणी कमी सांडलं, लाजच जास्त.

"मानूस कशाला शोधतोस?" काशी आजी म्हणाली. "बापये गेले ममईला गिरणीत. उरली आमची मालन. नारळ पाडायला आमी हिच्याच खांद्यावर चढतो!"

मालन ही शांतवन मास्तरांची लेक. मास्तर आडसड्याच्या मेथडिस्ट मंडळीचे उपदेशक. पोरगी शिकलेली, गोल पातळ नेसणारी, नाकीडोळी नीटस... पण उंची? माडानं हेवा करावा अशी! एक नवरामुलगा तिला बघायला आला तो वर बघता बघता मान अवघडून परत गेला, आणि पुढं आठवडाभर चिपळूणच्या वैद्याकडून तेल चोळून घेत होता म्हणतात. तेव्हापासून मालन खांदे पाडून, मान खाली घालून चालायला शिकली. उंची काही कमी झाली नाही, कुबड मात्र येऊ लागलं.

गवंडी हसला नाही. लाल मातीनं माखलेला हात कपाळाला लावत म्हणाला, "मी महिपत. चर्च बांधायला आलोय. दारासाठी तुमचं माप लागेल, बाई."

चर्चचीही एक कथाच आहे. आडसड्याची पहिली उपासना झाली फणसाखाली. पिकलेला फणस एका वडीलधाऱ्यांच्या मांडीत पडेपर्यंत ती तिथंच होत राहिली. मग गवताचा मांगर उभारला, तर त्याचं छप्पर वादळात उडालं आणि खाडीपलीकडच्या एका गोठ्यावर अलगद जाऊन बसलं. त्या गोठ्यातल्या म्हशी मग रविवारी चरायला जाईनात. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारावं. शेवटी मंडळीनं मनावर घेतलं... आता बांधायचं ते जांभ्या चिऱ्याचं! सांध्यांना चुना, खिडक्यांना कमानी, माथ्यावर मंगळुरी कौलं, आणि घंटा एका फुटलेल्या बोटीची. ती घंटा भरतीला आपोआप वाजायची, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी मालन अर्ध्या उठलेल्या भिंतीशी पाठ टेकून उभी राहिली.

"दार कागदावर नाही का मापत?" तिनं विचारलं.

"आमच्या घराण्यात नाही. आज्यानं देवळं बांधली, बाप्तिस्मा घेतल्यावर बापानं शाळा बांधल्या. रीत एकच. गावातलं उंचातलं उंच माणूस उभं करायचं आणि डोक्यावर वीतभर जागा सोडायची."

"देवाच्या दारात वाकायला नको वाटतं?"

"वाकावं आत जाऊन, मनापासून." तो कावेत भिजवलेली काडी घेऊन पुढं आला. "दारात कुणाला वाकवायचं नाही..."

आला तो अगदी जवळ आला. ओल्या चुन्याचा वास... भुवईवर चिऱ्याची लाल पूड... आणि तिच्याकडे बघायला वर उचललेली हनुवटी. ती हनुवटी मालनला सोसली नाही. पातळाच्या आत तिचे गुडघे हळूच वाकले. थोडे... अजून थोडे... त्याचे डोळे बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत.

महिपतची काडी हवेतच थांबली.

"सरळ उभ्या आहात ना?"

"आहे की..."

त्यानं क्षणभर खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि गुपचूप रेघ ओढली.

मग भिंती चढू लागल्या. मालन वडिलांच्या सांगण्यावरून गवंड्याला पेज द्यायला जाई. पेज निवली तरी बोलणं निवत नसे.

"मीठ कमी आहे," महिपत म्हणायचा.

"काल जास्त होतं म्हणालात!"

"उद्या पुन्हा बघावं लागेल."

दारावर सागाची तुळई चढली. लोक आतबाहेर करू लागले. दार ठेंगणं झालंय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मालन तर सगळीकडे वाकूनच जाणारी! रेघ मात्र तिला रात्रंदिवस टोचत होती. सांगावं म्हटलं, तर का वाकलीस हेही सांगावं लागणार...

चर्चच्या समर्पणविधीला मुंबईहून मिशनचे मोठे साहेब आले. साहेब एवढे उंच, की त्यांच्या टोपीला घार घिरट्या घालायची. मंडळी गीत म्हणत उभी. साहेबांनी हात जोडले, पाऊल टाकलं, आणि...

धाड्!

तुळई दणाणली, भरती नसताना घंटा वाजली, टोपी घरंगळत थेट व्यासपीठापाशी पोचली. साहेबांच्या आधी टोपीनंच प्रवेश केला! सारी मंडळी खदखदून हसली. सगळ्यात आधी हसली मालन. आणि तोंडातलं हसू तोंडातच आंबलं.

"गवंडी कोण?" कपाळ चोळत साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब." महिपत पुढं झाला. "माप चुकलं."

"दाराचं माप ज्याला घेता येत नाही, त्याच्या हाती मिशनच्या रत्नागिरीच्या शाळेचं ठरलेलं काम कसं द्यायचं? ते काम आता दुसऱ्याला."

महिपतनं मान खाली घातली. आज्याबापाची रीत त्या एका वाक्यात धुळीला मिळाली, पण त्यानं मालनकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मालनचे कान चुलीतल्या निखाऱ्यासारखे तापले.

उपासना सुरू झाली. साक्षीची वेळ आली. ज्याला देवासमोर काही सांगायचं असेल त्यानं उठून सांगावं, ही मंडळीची रीतच. मास्तर म्हणाले, "कुणी साक्ष देणार?"

मालन उठली. उठली ती उठतच राहिली... खांदे वर, मान ताठ. तिची सगळी उंची गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"माप... माप चुकलं नाही. ते माझं होतं. मी गुडघे वाकवून उभी होते."

"कशाला गो?" काशी आजीनं विचारलं. म्हातारीला कुठं थांबावं ते कळेल तर शपथ!

वडील समोर, साहेब समोर, देव तर समोर होताच.

"यांच्यापेक्षा... उंच दिसायला लाज वाटली."

मग बायकांच्या बाजूनं हळूच बांगड्या किणकिणल्या. जे कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं. धरती दुभंगेल का, असं मालनला झालं. पण ती बसली नाही, आणि वाकलीही नाही.

"मलाही साक्ष द्यायचीय." महिपत उठला. "मला ठाऊक होतं, साहेब. एरवी यांच्या निऱ्या घोट्यावर असतात, तेव्हा मातीत लोळत होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार?" महिपतचं तोंड चिऱ्याहून लाल झालं. "डोळ्यांसमोर डोळे आले होते... गवंड्याचं इमान त्या घटकेला मी विसरलो. म्हणून म्हटलं, चूक माझी."

मास्तरांनी घाईघाईनं भलतंच गीत सुरू केलं. साहेबांनी टेंगळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आधी हे दार सरळ करा. शाळेचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी तुळई उतरली. मालन पुन्हा त्याच भिंतीशी उभी राहिली. महिपतनं एक चिरा ओढला, वर चढला, आणि तिच्या केसांवर वीत ठेवून नवी रेघ ओढली.

"आज वाकल्या नाहीत ना?"

"निऱ्या बघा की... तुम्हाला सवय आहे!"

महिपत चिऱ्यावरून उतरेना. "मग... हा चिरा टाकून देऊ, की लग्नासाठी ठेवू?"

मालननं तोंडावर पदर घेतला, पण मान खाली घातली नाही. पदराआडून म्हणाली, "लग्नात चिरा नको. खाली उभं राहायचं. मी वर, तुम्ही खाली... दिसू दे लोकांना."

तसंच दिसलं. आडसड्याच्या चर्चमधलं पहिलं लग्न ते. रत्नागिरीची शाळाही मग महिपतनंच बांधली. तुळईवरचे नवे चिरे जुन्यांहून फिके होते. पुढं कितीक पावसाळे गेले तरी तो फिका पट्टा काही लपला नाही. येणारा-जाणारा विचारी, सांगणारा सांगे, आणि मालनचे कान प्रत्येक वेळी नव्यानं तापत.

साहेब लग्नाला आले होते. दार आता त्यांच्या टोपीलाही पुरून उरेल एवढं होतं. तरी ते त्यातून गेले, ते कपाळावर हात ठेवून, पार कमरेत वाकून!