चिमट्याचा ताण

देवकी प्रयोगशाळेचं दार ढकलायला आणि आतून कुणीतरी ते ओढायला एकच गाठ पडली. ती तोल जाऊन थेट आत! हातातली इवलीशी डबी तिने छातीशी घट्ट धरली.

"अगो, सांबाळून! भांगर हाडलां काय डबयेत?" समोरचा तरुण हसत म्हणाला.

"भांगरापरस चड..." ती कशीबशी बोलली.

सोन्याहून जास्तच होतं ते. काचेसारखा धातू दाबून, वाकवून, मग तासून केलेला एक पापुद्रा, इतका पातळ की इलेक्ट्रॉन आरपार जावेत. आधीचे सगळे फुटले होते. हाही गेला तर मये गावाहून रोज केलेली धावपळ, सगळं संशोधन पाण्यात.

तो यशवंत. पेडण्याचा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर नुकताच रुजू झालेला. देवकीने चिमट्यात पापुद्रा उचलला तेव्हा तो दिवा धरून अगदी जवळ वाकला. सकाळी येताना भिजलेल्या त्याच्या शर्टाला पावसाचा वास होता... आणि तिचा चिमटा घसरला.

"हात कित्याक कापता गो?"

"एसीची थंडी..."

इलेक्ट्रॉनचा किरण पापुद्र्यावर ठिपक्या-ठिपक्याने फिरू लागला. या धातूत अणू रांगेने बसत नाहीत, म्हणून पडद्यावर एक धूसर कडं उमटतं. जिथे ताण, तिथे कडं जरासं लांबट होतं. त्या लांबटपणावरून ताणाचा नकाशा रंगत गेला. मधोमध, दाबल्यामुळे अपेक्षितच असलेला तिरका पट्टा, आणि कडेला एक भलामोठा लालभडक डाग!

"हें नवें!" यशवंत उसळला आणि त्याने लगेच फोन लावला. "सरांक आपयलां हांवें. येतात ते."

देवकीने नकाशा नीट पाहिला. तो डाग नेमका चिमट्याने पकडलं तिथेच होता. गप्प बसलं तर तिचे मार्गदर्शक सर शाबासकी देतील. बोललं तर नकाशा बाद, आणि हात का थरथरला तेही सांगावं लागेल!

"तो ताण... धातूचो न्हय. माज्या चिमट्याचो. पापुद्रो मुरगळलो माज्या हातान."

"एसीच्या थंडीन?"

"ना." ती जमिनीकडे बघत राहिली. "तुमी लागीं उबे आशिल्ले म्हणून."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. तो हसेल? सगळ्यांना सांगेल?

"मगाशी फोकस लावताना किती खेपे चुकलों, दिसलें मगो तुका?" तो हळूच म्हणाला. "माजोय हात कापता गो... तू लागीं आसल्यार."

त्याने तिची गार पडलेली बोटं हातात घेतली. खरंच, तोही थरथरत होता.

दारावर सरांची टकटक झाली. आता सगळं सांगावं लागणार होतं. तरी देवकीने हात सोडवून घेतला नाही.