अर्थिंगचा खड्डा

बसा, चहा ठेवलाय, तो होईपर्यंत सांगते. आधीच सांगून ठेवते की माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि हे सगळं सांगून झाल्यावरही मी तो ठेवणार नाही.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेम खेळताना मध्येच बंद पडणारा कॉम्प्युटर हे तिथलं रोजचं दुखणं. पंख्यात धूळ बसलेली असते, पॉवर सप्लाय मरतुकडा असतो, नाहीतर रॅम सैल झालेली असते. चौथं कारण मला कधी भेटलं नव्हतं. त्यामुळे भाविका नावाच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा ब्रश आणि ब्लोअर पिशवीत टाकून मी निवांत निघाले.

करंजाड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला तिचं घर. तिथे पूर्वी मिठागरं होती. भाविकाचे सासरे, बळीरामकाका, आयुष्यभर त्यातल्याच एकावर राबलेले. पुढे जमीन सरकारने घेतली, वर भराव पडला, आणि बदल्यात जो प्लॉट मिळाला तो नेमका त्यांच्याच जुन्या बांधावर आला. देवानेच परत दिला म्हणून साऱ्यांना केवढं कौतुक. मुलाने दोन मजली घर बांधलं आणि स्वतः आखातात नोकरीला गेला.

गेम कोण खेळतं म्हणून विचारलं, तर भाविकाने खुर्चीतल्या काकांकडेच बोट दाखवलं. मला हसू आलं, पण ते लगेच गिळावं लागलं. काकांना लकवा झाला होता. वाचा गेली होती आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सुचवलं की यांना ट्रक चालवायचा गेम लावून द्या, स्टिअरिंग हातात द्या. आणि हात खरंच उघडायला लागला. अंगठा सुटला, मग तिन्ही बोटं हलू लागली. तीनच, कारण त्या हाताची करंगळी तरुणपणीच मिठागरावरच्या पंपाच्या पट्ट्यात तुटून गेली होती.

पण कॉम्प्युटर मध्येच बंद पडे. काका दचकत, मूठ पुन्हा मिटे आणि दोन-दोन दिवस उघडत नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं की हात सुटायचा तर सहा महिन्यांतच सुटेल, पुढे आशा नाही. त्यातले चार उलटले होते.

"ताई, काहीही करा," भाविका म्हणाली. "परवा त्यांनी स्वतः पेला धरला होता हो."

मी धूळ काढली, रॅम बदलली, नवा पॉवर सप्लाय घातला. चार दिवसांनी पुन्हा फोन. मग कॉम्प्युटर दुकानात आणला आणि सबंध आठवडा त्याच्यावर तोच गेम पळवला. एकदाही अडखळला नाही. घरी नेला, पुढचे काही दिवस छान चालला, आणि मग पुन्हा तेच. माझं माहेर मोरा बंदरातलं; आई मला मोऱ्याचा खेकडा म्हणते, एकदा धरलं की सोडत नाही. तशी मी एक दिवस सकाळपासून त्यांच्या घरात ठाण मांडून बसले.

बारा वाजून गेले होते. काका ट्रक चालवत होते. रंभाकाकू, म्हणजे भाविकाच्या सासूबाई, खाली बसून करंदी सोलत होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं. आधी गेममधल्या इंजिनाचा आवाज बसत गेला. मग खोलीत खाजणाचा, खाडीकाठच्या चिखलाचा वास आला, कुजट, खारट, गार. आणि स्पीकरमधून थाप ऐकू आली. ओल्या चिखलावर फळकूट आपटावं तशी. तीन थापा. जरा थांबून पुन्हा तीन...

काकांचा चांगला, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. तीनदा.

पडदा काळा झाला.

काकूंचे हात करंदीतच थांबले होते. त्या माझ्याकडे बघेनात. मला घाम फुटला होता हे कबूल करते. पण घाबरून दुकान चालत नाही. मी मीटर लावला, तर अर्थिंगच्या तारेवर नसायला हवा तेवढा विजेचा दाब होता, आणि काटा तीनदा उडून थांबत होता, पुन्हा तीनदा उडत होता.

तेवढ्यात आईचा मोऱ्याहून फोन आला. पौर्णिमेचं उधाण आहे, पाणी धक्क्यावर चढलंय, मासळी उद्या पाठवते म्हणाली. मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. मागचा बिघाड अवसेच्या सुमारास. त्याआधीचा पौर्णिमेला. कोळ्याच्या पोरीला हे इतक्या उशिरा सुचावं! उधाणाचं पाणी भरावाखालून येतं, अर्थिंगचा खड्डा भिजतो आणि बिघाड होतो. मी कॉम्प्युटर खोलत बसले होते आणि रोग होता घराखाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे मी भाविकाला समजावून सांगत असताना काकू उठल्या. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. घर बांधताना वायरमनने मीठ मागितलं तेव्हा काकूंनी मिठागराच्या शेवटच्या राशीचं, जपून ठेवलेलं मडकंभर मीठ त्याला दिलं होतं. खड्डा घराच्या मागे खणला होता, बरोबर बांधावर.

"थय माझे थोरले दीर हायेत," काकू हळूच म्हणाल्या.

धर्मराज त्यांचं नाव. एकदा उधाणाने बांधाला खांड पाडली, म्हणजे बांध फुटून पाणी आत घुसायला लागलं. दोघे भाऊ धावले. धर्मराज त्या खांडीत छातीभर पाण्यात उभे राहिले आणि बळीरामकाकांना म्हणाले, माणसं घेऊन ये, तोवर मी धरतो.

"ह्ये माणसा घेऊन गेले," काकू म्हणाल्या, "तं खांड बुजलेली. चोपून चापून बुजलेली. आन दीर नाय. बांध मंग कोनी उकरला नाय, पोरी. उकरला आसता तं सगला गाव बुडला आसता."

"आणि त्या थापा?" मी विचारलं.

"चिखल चोपतान तवा तशाच मारतान. दुसऱ्यानं तशीच थाप दिली का समजायचा, मानूस आला." त्यांनी काकांकडे पाहिलं. "आमी मीठ दिला, तार दिली. त्याना वाटतंय माणसा आली..."

भाविका रडायला लागली. मी मात्र खरं सांगते, चिडले. भूत असो की ओल, उपाय एकच होता. दुसऱ्याच दिवशी वायरमनला घेऊन पुढच्या अंगणात नवा खड्डा खणला. त्यात मीठ घालू दिलं नाही, तयार पावडर भरली. मागची जुनी तार उपटायला गेलो तर ती येईना. मी आणि वायरमन, दोघांनी पाय रोवून ओढली. ती ताणली गेली, आणि मग एकदम सुटली, पलीकडून कुणी सोडून द्यावी तशी. आम्ही दोघे चिखलात बसलो. हसलोसुद्धा.

अवसेला मी मुद्दाम गेले. उधाण भरलं. कॉम्प्युटर चालूच राहिला. थाप नाही, वास नाही, ट्रक आपला घाट चढतोय. मी काकांच्या बाजूला वाकून मीटर बघत होते, काटा शून्यावर निवांत. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा काकांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, पूर्ण उघडला, आणि त्याने माझं मनगट धरलं.

पकड ओली होती, बर्फासारखी गार. लकव्याच्या माणसाची नव्हती ती. बुडणारा धरतो तशी होती. भाविका आनंदाने टाळ्या पिटत नवऱ्याला फोन लावायला धावली. काका हसत नव्हते. ते त्या हाताकडे बघत होते, परक्या माणसाकडे बघावं तसे, आणि डाव्या हाताने तो माझ्या मनगटावरून सोडवायचा प्रयत्न करत होते. काकूंनी तोंडाला पदर लावला होता.

पाणी उतरलं तेव्हा त्याने सोडलं.

त्यानंतर तो कॉम्प्युटर कधी बंद पडला नाही. काका आता त्याच हाताने जेवतात, पेला धरतात, आणि मुलाने मला आखातातून खजूर पाठवले. फक्त सासूबाई त्या हाताला शिवत नाहीत, असं भाविका हसत सांगते. मी तिला काही सांगितलेलं नाही. सहा महिन्यांच्या आत हात सुटला, तिला हवं होतं ते मिळालं.

माझ्या मनगटावर मात्र उधाणाच्या दिवशी पांढरे वळ उठतात. डॉक्टरांनी मलम दिलं, लावते. पाणी ओसरलं की वळ जातात. एकदा जिभेला लावून पाहिले, खारट लागले.

चहा घ्या. आज पौर्णिमा आहे, घड्याळ काढून दाखवते. हा काकांच्या हाताचा ठसा. हा अंगठा. आता तो सोडून बोटं तुम्हीच मोजा... चार आहेत ना?