उदाहरणातला पत्ता

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आयलंड बेच्या धक्क्यावर आजवर कुणीच ठेवलेला नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. पण त्या शनिवारी मी इथेच, या बोटीच्या शेडमध्ये, मासे कापत उभा होतो आणि माझे दोन्ही कान शाबूत होते.

दक्षिणेचा वारा सुटला होता. अशा दिवशी वेलिंग्टनचा पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. त्या पावसातून एक मुलगी आत शिरली... केसांतून पाणी निथळतंय, नाक गारठून लाल. "काका, तराकिही आहे का ताजा?" म्हणाली. अनाहेरा तिचं नाव. मी मासा कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, काय करतेस?

"डोळे कसे वापरायचे ते लिहिते."

"डॉक्टरीण आहेस?"

"नाही हो." ती हसली. "माणसांची कामं करत इंटरनेटवर फिरणारे एआय एजंट असतात ना, त्यांना पान दिसत नाही. आमच्या कंपनीचं अवजार ब्राउझरमध्ये पान उघडतं, स्क्रीनशॉट काढतं आणि त्यांना दाखवतं. ते कसं वापरायचं, याची माहिती मी लिहिते. पानाचा पत्ता कुठे द्यायचा, पान पुरतं उमटेपर्यंत कसं थांबायचं..."

"थांबायला शिकवतेस? मग आमच्या रेनाटोलाही शिकव."

मी असं म्हणायला आणि रेनाटो आत यायला एकच गाठ पडली.

रेनाटो माझा पुतण्या. शेडच्या छपरावर त्यानं कॅमेरा बांधला होता, खाली फळीवर जुना कॉम्प्युटर. समोरचं बेट आणि समुद्र रात्रंदिवस त्याच्या एका साध्या पानावर दिसायचा, आणि त्याखाली एक ओळ: 'कुणी बघत असेल तर सांगा. नाहीतर महिनाअखेरीस हे बंद करून मी ऑकलंडला जातो.' कुणी सांगितलं नव्हतं. त्याची बॅग भरून तयार होती.

"काका, माझ्या पानावर कुणीतरी फौज सोडलीय," तो म्हणाला. "दोन दिवस हजारांनी येतायत. बघतात नि जातात. पान पार बसलंय."

खोटं कशाला सांगू, तो कॉम्प्युटर एवढा तापला होता की त्याच्यावर ठेवलेला मासा दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून निघाला. मीठ तेवढं लावायचं राहिलं होतं.

अनाहेराच्या हातातली पुडी खाली पडली.

"ते... माझ्यामुळे," ती म्हणाली. "माहिती लिहिताना उदाहरणात एक पत्ता द्यावा लागतो. खऱ्या पानाचा कधीच द्यायचा नसतो. माझ्याकडून चुकून तुमच्या पानाचा राहिला. आणि एजंट आधी उदाहरणच जसंच्या तसं करून बघतात."

"सगळे?" रेनाटोनं विचारलं.

"आज्ञाधारक असतात."

"उलट बोलायला नाही शिकवलंत त्यांना?"

"ते मी स्वतःकडे राखून ठेवलंय."

रेनाटो भांडायला आला होता. ते तो तिथेच विसरला. पुडी उचलायला दोघंही वाकले, आणि मासा बराच वेळ जमिनीवरच राहिला.

मग तिनं लॅपटॉप उघडला. अवजाराची अजून चाचणी चालू होती, त्यामुळे एजंटांनी काढलेलं प्रत्येक चित्र कंपनीत जमा झालेलं. "त्यांनी काय पाहिलं ते बघा," असं म्हणत तिनं ती चित्रं एकामागून एक भराभर सरकवली... आणि समुद्र हलायला लागला.

कसं सांगू तुम्हाला. बेटाआडून उजेड फुटला आणि चढत गेला. भरतीनं खडक गिळले, ओहोटीनं परत आणून दिले. चांदण्याचा पट्टा पाण्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. एक देवमासा वर आला, कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबला आणि चित्र नीट येईपर्यंत हलला नाही. जन्मभर मी याच पाण्यात जाळं टाकतोय, पण ते श्वास घेतं, हे मला त्या दिवशी दिसलं. मी टोपी कधी काढली, आठवत नाही.

पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता.

"एवढ्या जणांनी पाहिलं," रेनाटो हळूच म्हणाला, "आणि त्यांत माणूस एकही नाही."

"उद्या मी पत्ता बदलते. मग तेही येणार नाहीत."

"हं. मग बंदच करतो."

"पण..." तिनं रेनकोटची चेन वर केली, खाली केली. "माणूस एक आहे. रोज सकाळी बघतो. चहा निवायच्या आत."

"कोण?"

"तू लिहिलं होतंस ना, बघत असाल तर सांगा." तिनं वर पाहिलं. "सांगायला आलेय."

थोड्या वेळापूर्वी तो समुद्राकडे जसा बघत होता, तसाच आता तिच्याकडे बघत राहिला. आणि पान पुरतं उमटेपर्यंत थांबला, हो.

ऑकलंडची ती बॅग अजून तिथे कोपऱ्यात आहे. मी तिच्यात गळ ठेवतो. दोघं दर शनिवारी इथे येऊन मासे साफ करतात, आत्ताही मागे तेच चाललंय. आणि हे सगळं कशामुळे? एका चुकीमुळे. बिचारीच्या हातून चुकून राहिलेल्या—

"खोटं, काका," मागून अनाहेरा म्हणाली.

"काय खोटं? देवमासा?"

"देवमासा असू दे. तो पत्ता चुकून नव्हता राहिला."

रेनाटोच्या हातातला चाकू माशावरच थांबला.