बहावा मेलेला नाही!

"मेला कसा? बघ, साल खरवडली की आत हिरवंगार आहे!" सुखदा तणतणली.

"मग सांग की भालचंद्रकाकांना!" शार्दूल म्हणाला. हा तिचा आतेभाऊ पुण्याहून सुट्टीला नोएडात आला होता.

"सांगितलं! म्हणाले, कम्प्युटर म्हणतो मेला, म्हणजे मेला!" सुखदाच्या धाकट्या भावाने, राघवने, काकांचा घोगरा आवाज काढला.

सोसायटीच्या फाटकापाशी बहाव्यांची रांग होती. सेक्टर नवा आणि उजाड होता, तेव्हा सुखदाने बाबांबरोबर बादल्या वाहून ती जगवली होती. आता घरोघरी गाड्या आल्या होत्या आणि सेक्रेटरी भालचंद्रकाकांना पार्किंग हवं होतं. उद्या सकाळी झाडं कापली जाणार होती.

कारण सांगायला कम्प्युटर होताच! सुखदाच्या आईने, हेमांगीने, ऑफिसात एक प्रोग्रॅम केला होता. बाहेर लावलेल्या थर्मामीटरमधून रोजची उष्णता त्यात साठत जाई आणि कुठलं झाड कधी फुलेल ते तो सांगे. सोसायटीत त्याची चाचणी चालू होती. त्याच्या हिशेबाने बहावा कधीच फुलायला हवा होता, आणि झाडं तर पार बोडकी!

"चलो, कम्प्युटरलाच विचारू," सुखदा म्हणाली.

सोसायटीच्या ऑफिसात तिघं पडद्याला नाक लावून बसली.

"हे काय? रात्री दुपारपेक्षा जास्त गरम?" शार्दूल म्हणाला.

"काल रात्री लाइट गेली होती ना यार! पंखाच नव्हता!" राघव म्हणाला.

"पंख्याने बाहेरची हवा गार होते का, बुद्धू?" सुखदा म्हणाली, आणि एकदम उठली. "लाइट गेली की काय सुरू होतं?"

"लिफ्टचा जनरेटर!"

तिघं मागे धावली. वायर पुरेना म्हणून काकांनी थर्मामीटर चक्क जनरेटरच्या धुराच्या नळकांड्यावर टांगला होता! रोजची ती धग बहाव्याच्या नावावर जमा होत होती.

काकांनी मात्र उडवून लावलं. "कम्प्युटरपुढे अक्कल पाजळू नका!"

"ठीक आहे. मग कम्प्युटरच बोलेल," सुखदा दात-ओठ खात म्हणाली.

रद्दीतून जुनी वर्तमानपत्रं निघाली. शार्दूल आणि राघवने रोजचं तापमान वाचायचं, सुखदाने घरच्या कम्प्युटरवर आईच्या प्रोग्रॅममध्ये भरायचं. बोटं दुखली, तरी ती उठली नाही.

"आई, थर्मामीटर कुठे लावलाय ते तू पाहिलंस?" संध्याकाळी तिने विचारलं.

आईचा चेहरा उतरला. "नाही गं. आकडे येत होते, मी घेत होते. चुकलंच माझं." मग तीही शेजारी बसली. नवं उत्तर आलं: बहावा जूनच्या पहिल्या आठवड्यात फुलेल!

सकाळी करवतवाले हजर! सोसायटीच्या ऑफिसात राघवने काकांना शंका विचारून विचारून भंडावलं. सुखदाला वेळ हवा होता, कारण रोजची सकाळची लाइट जायची वेळ होत आली होती.

"काका, फक्त पडद्याकडे बघा!"

आणि गेली लाइट! कम्प्युटर यूपीएसवर राहिला. मागे जनरेटर धडधडला आणि पडद्यावरचा पारा भराभर चढू लागला.

"काका, बाहेर एवढं ऊन आहे? खरे आकडे भरले तर बहावा जूनच्या पहिल्या आठवड्यात फुलतो!" सुखदा म्हणाली.

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि घाम पुसला. "रुको भाई!" ते करवतवाल्यांना ओरडले. मग वळून म्हणाले, "जूनचा पहिला आठवडा संपेपर्यंत फुलांची वाट बघेन. नाही फुलला तर?"

"तर मीच कापा म्हणेन," सुखदा म्हणाली.

जून उजाडला. ती रोज पहाटे फाटकाशी जाई आणि मान खाली घालून परते. आठवडा संपत आला, तशी तिची झोप उडाली.

आणि एका सकाळी काकांचाच आवाज आला, "सुखदाऽऽ! अगं, खाली ये!"

रांगेतल्या पहिल्या झाडाला पिवळा घोस लटकत होता! आईने तिला घट्ट जवळ घेतलं. काका म्हणाले, "शाब्बास पोरांनो! तुम्ही नसतात तर मी जिवंत झाड कापून बसलो असतो."

सुखदाने झाडाला मिठी मारली आणि खुशाल रडून घेतलं.