मंगळवारची बादली

मातिल्द आणि आकोश यांची भेट अगदी गोष्टीत होते तशी झाली. गाडीत, योगायोगानं, खिडकीच्या एकाच सीटवरून. अडचण एवढीच, की आकोश माझा होता.

म्हणजे... माझा नव्हता अजून. पण व्हायचा होता, असं मी मनात कधीचं ठरवून टाकलं होतं. फक्त त्याला सांगायचं राहिलं होतं.

तर ऐका. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, मी आमच्या हंगेरीतल्या सेगेदच्या स्टेशनवर उभी, हातात आईनं दिलेला खाऱ्या बिस्किटांचा डबा. मातिल्द यायची होती. मी पोर्तुगालला, पोर्तोत शिकायला होते तेव्हा सगळं सेमिस्टर तिच्या सोफ्यावर काढलं होतं. त्यामुळे ती पाठीला सॅक लावून एकटीच फिरायला निघाली म्हटल्यावर मीच तिला म्हटलं, ईस्टरला आमच्याकडे ये. गाडी थांबली. आधी तिचे कुरळे केस दिसले, मग ते मोठ्ठं हसू, आणि मग तिची ती अवाढव्य सॅक... आकोशच्या पाठीवर.

आकोश आमच्या समोरचा. आमची इमारत जुनी, मध्ये अंगण, चारी बाजूंनी गॅलरी. त्याचं दार आणि माझं दार समोरासमोर. नोकरीसाठी व्हिएन्नाला गेला, तो गेल्या ईस्टरलासुद्धा फिरकला नव्हता. आणि आता आला, तर दुसरीचं सामान वाहत.

"केस कापलेस," तो मला म्हणाला.

"कापले होते. परत वाढले. तू फारच उशिरा आलास."

"मग छान वाढलेत."

इथं मी विरघळणारच होते, पण मातिल्द मध्येच सांगायला लागली, की ती चुकून त्याच्या खिडकीच्या सीटवर बसली आणि हा वेडा तिला उठवायचं सोडून समोर बसून राहिला, आणि बुडापेस्टपासून दोघं नुसते हसत होते. नुसते हसत! आमच्या अंगणात आकोश पाच वाक्यं बोलला तर शेजारीण खिडकी उघडून बघते.

घरी आल्यावर मातिल्दनं बूट काढता काढता विचारलं, "हा तुझा कोण?"

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं, नाही का? एक शब्द पुरला असता. पण तिच्या डोळ्यांत अशी काही चमक होती, की माझं नाक आपोआप वर गेलं.

"कोणी नाही. समोर राहतो."

"नक्की? मग मी बघितलं तर चालेल?"

"बघ की," मी म्हटलं. "मी काय त्याची मालकीण आहे?"

शनिवारी आम्ही तिघं तिसा नदीकाठी फिरायला गेलो. तिघं म्हणजे ते दोघं, आणि मी मागून मातिल्दचं जाकीट घेऊन. वारा होता, चेस्टनटच्या झाडांना कोवळी पानं फुटली होती, आणि मातिल्दचे केस उडून सारखे त्याच्या खांद्यावर जात होते. केसांना काय कळतं? पण मला त्या केसांचा राग आला. तिनं त्याला विचारलं, सोमवारी तुमच्याकडे मुलं मुलींच्या अंगावर पाणी टाकतात म्हणे, खरं का? झालं. एरवी मुका असलेला आकोश सुरू झाला. गावाकडे सरळ बादली ओततात, शहरात सेंट शिंपडतात, आधी कविता म्हणायची, मग विचारायचं की पाणी घालू का, आणि मग मुलगी रंगवलेलं अंडं देते. जिला कोणी पाणी घालत नाही ती वर्षभर सुकून जाते.

"मला कोण घालणार?" मातिल्दनं तोंड पाडून विचारलं.

"मी येईन ना," तो म्हणाला. अगदी सहज. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "सोमवारी घरी असशील ना, रेका?"

"असेन. हिचे केस लांब आहेत, मोठी बाटली आण."

"आणि तुझे?"

"माझ्यासाठी थेंबभर पुरे. मी काटकसरी आहे."

तो हसला नाही. मला वाटलं होतं, हसेल.

तुम्हाला सांगते, हा आकोश सहा वर्षांचा असल्यापासून दर ईस्टरला आमच्या दारात उभा राहून एकच कविता म्हणायचा. स्वतःच केलेली, आणि भयंकर:

वेलीला या पाणी घालू,
वाळली तर रडू येईल,
एक अंडं दे गं मला,
वर्षभर मी गप्प राहीन.

आणि खरंच वर्षभर गप्प राहायचा, गाढव.

रविवारी आई, मी आणि मातिल्द अंडी रंगवायला बसलो. कांद्याच्या सालीत उकडून तपकिरी केलेली ढीगभर, मामांना, चुलतभावांना, शेजाऱ्यांना द्यायला. आईनं मातिल्दला समजावलं, की लाल अंडं मात्र एकच करायचं. जो आवडतो त्याला द्यायचं. त्यानं ते घरी नेलं, तर समजायचं. मातिल्दनं शांतपणे लाल रंगाची वाटी पुढे ओढली.

"कोणासाठी?" मी विचारलं. आवाज शक्य तितका गोड ठेवून.

"तू म्हणालीस ना, तुझा कोणी नाही."

मी हो म्हटलं. ती आत अंघोळीला गेल्यावर मीपण एक लाल केलं, आणि लोकरी मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. बोटं लाल झाली ती झालीच. सकाळपर्यंत घासत होते.

सोमवार उजाडला आणि दारावर रांग लागली. मामा आले, चुलतभाऊ आले, खालचे निवृत्त मास्तर आले. प्रत्येकाची वेगळी कविता, प्रत्येकाचा वेगळा स्वस्त सेंट, आणि सगळे माझ्याच डोक्यावर. बाबा येईल त्याला जर्दाळूच्या दारूचा छोटा पेला देत होते, स्वतःलाही देत होते. मी मात्र गॅलरीकडे कान लावून बसलेली. आकोशचं दार उघडेना. सगळे येऊन गेले, पाहुण्यांसाठी कापलेला हॅम संपत आला, तरी उघडेना. पाणी घालायचं ते चर्चची दुपारची घंटा होईपर्यंतच. नंतर घालत नाहीत. म्हणजे आम्ही याच्या यादीत सगळ्यात शेवटी. उरलोसुरलो.

घंटेला थोडाच वेळ असताना तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी निळी बाटली. आधी आईच्या केसांवर शिंपडलं. मग मातिल्दसमोर उभा राहिला आणि तिच्यासाठी चक्क नवीन कविता म्हटली, समुद्राकाठच्या फुलाची वगैरे. नवीन! तिनं डोळे मिटले, सेंट झेलला, आणि लाल अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याचे कान अंड्याइतके लाल झाले. आमच्या गावच्या मुलाला लाल अंड्याचा अर्थ कळत नाही असं होतच नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "रेका... पाणी घालू का?"

मला नाही म्हणायचं नव्हतं. पण आत काहीतरी इतकं जळत होतं, की तोंडातून निघालंच, "राहू दे. माझ्या डोक्याला आधीच पुरेसा वास येतोय."

आईच्या हातातला चमचा थांबला. पाणी घालायला आलेल्याला कोणी परत पाठवत नाही, कोणीच नाही. आकोशनं बाटलीचं झाकण हळूहळू लावलं. "तुझी इच्छा," म्हणाला. तेवढ्यात घंटा वाजायला लागली, आणि तो गेला.

मी आत जाऊन पलंगावर पडले. थोड्या वेळानं मातिल्द आली. तिच्या हातात लाल अंडं होतं, तिनं आकोशला दिलेलंच.

"घरी नेलंच नाही. दाराशी, तुझ्या बुटात ठेवून गेला," ती म्हणाली.

मी उठून बसले. ती खाली बसली, अंडं सोललं, मीठ लावलं आणि खाल्लं. हसत होती, पण नाक जरा ओलं होतं.

"पाहुणीशी खोटं बोललीस तू. मला तो आवडला होता, माहितेय? एकदा खरं सांगितलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी सॅक स्वतः उचलली असती."

मी माफी मागितली. तिनं अंड्याचा अर्धा तुकडा माझ्या तोंडात कोंबला, बोलणं बंद व्हावं म्हणून. मग सांगितलं, की उद्या ती निघतेय, आणि आकोशही त्याच गाडीनं व्हिएन्नाला परत जातोय, आणि आता काय ते माझं मी बघावं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. भिंत पातळच आहे आमची. "आमच्या गावाला मंगळवार मुलींचा असायचा. मंगळवारी आम्ही मुलांवर ओतायचो." आणि भांडी घासायला लागली, जसं काही बोललीच नाही.

मंगळवारी सकाळी अंगणातल्या नळाखाली मी बादली भरली. काठोकाठ. पाणी असं गार, की बोटं बधिर झाली. आकोश बॅग घेऊन जिना उतरला, मागोमाग मातिल्द, स्वतःची सॅक स्वतः लावून.

"आकोश."

तो वळला, आणि मी ओतली. सगळी.

शेजारणीची खिडकी उघडली. आकोश तसाच उभा, नाकावरून पाणी ठिबकतंय, इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटलेला. मी रिकामी बादली खाली ठेवली.

"कविता आधी म्हणतात," तो म्हणाला.

म्हणून मी म्हटली.

"वेलीला या पाणी घालू,
वाळली तर रडू येईल,
एक अंडं घे रे माझं...
आता तरी काही बोलशील?"

आणि खिशातल्या मोज्यातून लाल अंडं काढून पुढे केलं. त्यानं अंड्याकडे बघितलं. मग माझ्या बोटांकडे बघितलं, अजून लालच होती.

"काल मी मुद्दाम शेवटी आलो," तो म्हणाला. "सगळ्यांचं शिंपडून झाल्यावर. म्हणजे माझ्यानंतर तुझ्या केसांवर कोणाचं पडू नये."

"आणि तिला नवीन कविता?"

"ती पाहुणी आहे. तुला जुनी म्हणणार होतो. ती तुझीच आहे ना, पहिल्यापासून." अंडं त्यानं ओल्या खिशात घातलं आणि वरून हात दाबून धरला. "रेका, फार गार आहे गं पाणी."

"माहितेय, मीच भरलं ना," मी म्हटलं, आणि मग त्याच्या ओल्या शर्टाला नाक लावून उभी राहिले, शेजारणीला काय बघायचं ते बघू दे.

त्या गाडीनं तो गेला नाही. बॅगेतले कपडेही भिजले होते, म्हणून बाबांची ढगळ पँट घालून, ती पोटाशी धरून, माझ्यासोबत मातिल्दला सोडायला स्टेशनवर आला. गाडी सुटल्यावर थोड्या वेळानं मातिल्दनं फोटो पाठवला: समोरच्या रिकाम्या सीटवर तिचे दोन पाय, ऐसपैस पसरलेले. आकोश फलाटावर अजून हात हलवत होता.

"पुरे आता," मी म्हटलं, आणि त्याचा हात खाली ओढून स्वतःच्या हातात घेतला.