आवळलेल्या नटावरची पिवळी रेघ

जिप्सी बंद पडली ती नेमकी पीण्या भागातल्या फ्लायओव्हरखाली, भर संध्याकाळी, मागं बसची रांग हॉर्नवर हॉर्न देत असताना. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा आला की बंगळुरात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही, नुसती पिरपिर. सिद्धीनं किल्ली तीनदा फिरवली, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि कळवळून म्हणाली, "अगं भवाने, आजचा दिवस चाल गं! उद्या काय मरायचं ते मर!"

"मरायची न्हाई ती. पेट्रोल येईना झालंय नुसतं."

तिनं दचकून वर पाहिलं. खिडकीशी एक तरुण वाकून उभा होता. केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं...

"तुम्हाला... मराठी येतं?"

"येतं की. तुमच्यागत शिव्या मात्र देता येत न्हाईत."

झालं! सिद्धी कानापर्यंत लाल. सहा वर्षं या शहरात राहून, सिग्नलला आपलं बोलणं कुणाला कळत नाही या भरवशावर तिनं काय काय बोलून घेतलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. त्यानं मात्र परवानगी न विचारता बॉनेट उघडलं, एक पाइप काढला, तोंडानं फुंकर मारली, थू करून पेट्रोल थुंकला आणि म्हणाला, "मारा सेल्फ."

गाडी सुरू झाली.

"ज्योतिबा माझं नाव. निपाणीचा. मागल्या गल्लीत शिवकुमारअण्णांचं गॅरेज हाय, तिथं असतो. उद्या आणा ही. असल्या गाडीतनं एकटं फिरू नका."

"असल्या म्हणजे कसल्या?"

"खालचा पत्रा गेलाय, मॅडम. जोरात ब्रेक दाबलासा तर पाय रस्त्याला लागंल."

हसावं की रडावं, तिला कळेना. खरं तर ते दिवस रडण्याचेच होते. सप्टेंबरात एका सकाळी एक मेल आला आणि सिद्धीची अख्खी टीम घरी बसली. नवी नोकरी मिळेना. पुण्याहून आईचा रोज फोन, आता तिथं काय उरलंय, ये परत. परदेशी निघालेल्या एका सहकाऱ्याकडून हौसेनं घेतलेली ही सत्तावीस वर्षांची जिप्सी, एवढीच तिची इथली कमाई. रोज वापरता येईल आणि वाटलं तर रानात नेऊन मागं झोपता येईल अशी ती करून घ्यायची, हे तिनं नोकरी असतानाच ठरवलं होतं. मग आईला तिनं सांगून टाकलं, "गाडी झाली की येते. चालवतच येते." फ्लॅट सोडायची नोटीस दिली, पुस्तकं खोक्यात भरली. गाडी पुरी होईल त्या दिवशी बंगळूर संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. घरी खोक्यांकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

"रोज चालवायची का रानात झोपायची? कायतरी एक ठरवा," गाडीखालून ज्योतिबाचा आवाज आला.

"दोन्ही."

"मग ना धड घर, ना धड गाडी."

"माझ्यासारखीच," ती म्हणाली. गाडीखालची खुडबुड क्षणभर थांबली. मग एक काळाकुट्ट हात बाहेर आला. "चौदाचा पाना द्या. नुसतं बघत बसू नका."

असं सुरू झालं बघा. आधी पाना देणं, मग दिवा धरणं, मग एक दिवस तीही अंगाखाली पोतं घालून गाडीखाली शिरली. त्यानं कुजलेला पत्रा कापून नवा बसवला, मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, टाकी धुतली. मागच्या सीट काढून तिथं लोखंडी चौकट घातली. वर फळी, खाली कप्पे, म्हणजे दिवसा सामान आणि रात्री बिछाना. टपावर तंबूसाठी कॅरियर. पाऊस पत्र्यावर वाजत राहायचा, आणि खाली दोघांची कुजबुज चालायची.

नट आवळला की ज्योतिबा खिशातून रंगाचं पेन काढायचा आणि नटावरून चौकटीपर्यंत एक बारीक पिवळी रेघ ओढायचा.

"हे कशाला?"

"रेघ हाय म्हंजे आवळलंय. नट हलला तर रेघ तुटती. डोक्यावर इस्वास ठेवायचा न्हाई, रेघंवर ठेवायचा."

"मला ओढू द्या ना एक."

"आधी आवळा. मग रेघ." त्यानं तिच्या हातात पाना दिला, आणि जोर पुरेना तेव्हा तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवून दाबला. कामाचाच हात तो, पण काम झाल्यावरही तो जरा जास्तच वेळ तिथं राहिला. दोघांनीही ते पाहिलं.

तीन आठवडे हां हां म्हणता गेले. एका गुरुवारी अण्णांनी गाडीभोवती फेरी मारली आणि जाहीर केलं, "शनिवारी घेऊन जा, अम्मा."

ज्योतिबानं मान वर केली नाही. नुसता "सरी, अण्णा," असा होकार दिला आणि फडक्यानं तोच स्वच्छ पाना पुसत राहिला. बोल की रे काहीतरी, ती मनात म्हणाली. थांब म्हण! एकदा म्हणून तर बघ! पण निपाणीचा गडी तो, मॅडमला थांब कसं म्हणणार? आणि सिद्धी तरी, सिग्नलला भवानीचा उद्धार करणारी, इथं तिची जीभ टाळ्याला चिकटली.

प्रेमात माणूस आंधळं होतं म्हणतात. सिद्धी भलतीच डोळस झाली. दुपारी गॅरेज जेवायला गेलं तशी ती गाडीत शिरली. बिछान्याच्या चौकटीचे दोन नट अर्धा फेरा सैल केले, थिनरच्या बोळ्यानं पिवळी रेघ पुसली आणि हत्यारांच्या पेटीतल्या दुसऱ्या पेनानं नव्या जागेवर तशीच, अगदी त्याच्या हातासारखी रेघ ओढली. ब्रेकला, चाकाला हात लावायची गोष्ट तिच्या स्वप्नातही नव्हती. नुसती खडखड व्हावी, बास. दोन दिवस मिळावेत.

मिळाले. शनिवारी ट्रायलला खडखड झाली, गाडी परत आली, ज्योतिबा चौकटीत डोकं घालून बसला. मंगळवारी पुन्हा. शुक्रवारी बंपरचा ब्रॅकेट. प्रत्येक वेळी रेघ शाबूत आणि नट सैल.

ज्योतिबा गप्प होत गेला. एकेक नट तीन-तीनदा तपासायचा. चहा तसाच गार व्हायचा. "आज मौनव्रत का?" म्हणून तिनं छेडलं तर कसंनुसं हसला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आणि या वेडीला काय वाटावं? हा उदास आहे, म्हणजे माझ्या जाण्यानं! तिला तर आतून गुदगुल्याच झाल्या. तिनं टपावरच्या कॅरियरचे नट सैल केले ते असल्या आनंदात.

बुधवारी अण्णा स्वतः ट्रायलला गेले. अर्ध्या तासानं परतले ते ओरडतच. फ्लायओव्हरवर कॅरियर एका बाजूनं सरकून काचेवर आलं होतं. कुणाला लागलं नाही, पण मागं स्कूटरवर नवरा-बायको होते. अण्णांनी ज्योतिबाला सगळ्यांसमोर, कन्नडमधून, चांगलं दहा मिनिटं झापलं. सिद्धीला अर्धं कळलं, आणि तेवढं पुष्कळ होतं. ज्योतिबा एक शब्द उलटून बोलला नाही. टपावर चढला. रेघ पाहिली. शाबूत होती. बोटानं नट फिरवला. नुसत्या बोटानं फिरला.

मग तो खाली उतरला आणि नळावर हात धुवायला लागला. धुतच राहिला.

"ज्योतिबा..."

"मी उद्या सकाळी गावाकडं चाललोय, मॅडम. तुमची गाडी अण्णा दुसऱ्याकडनं पुरी करून घेतील."

"काय? अहो, का पण?"

पावसाची सर गल्लीतून सरकत गेली.

"संकेश्वरात होतो आधी. तिथं एका टेंपोचं चाक मी बसवलं. दुसऱ्या दिवशी घाटात ते निघालं. ड्रायव्हरचा पाय गेला, गुडघ्यापासनं." तो हाताकडं बघत होता. "नट मी आवळले होते. म्हंजे, आवळले असतील. आठवत न्हाई, तेच तर हाय. सहा वर्सं झाली, आठवालोय. तेव्हापासनं रेघ. रेघ हाय म्हंजे आवळलंय, म्हणून झोप लागायची. आता रेघ हाय, आणि नट सैल. म्हंजे मी न आवळताच रेघ ओढालोय, आणि मला कळतसुदीक न्हाई." त्यानं हात परत धारेखाली धरले. "काल आईला फोन करून सांगितलं, माझं डोकं कामातनं गेलंय. भावाच्या दुकानात बसतो, साखर जोखतो. त्यानं कुणाचा पाय जात न्हाई."

आठ दिवस सिद्धी जिला आपल्या प्रेमाची उदासी समजत होती, ती ही भीती होती.

गप्प राहणं सोपं होतं. तो सकाळी गेला असता, त्याला जन्मात कळलं नसतं, आणि निदान आठवणीत तरी ती चांगली राहिली असती. सांगितलं तर... तर तो तिचं तोंडही बघणार नव्हता.

"ते नट मी सैल केले."

तो वळला.

"मी केले, ज्योतिबा. सगळे. तुम्ही जेवायला गेलात की. थिनरनं रेघ पुसायची, परत काढायची. तुम्ही नीटच आवळले होते. तुमच्या हातांना काही झालेलं नाही, डोक्यालाही नाही. सगळं मी केलं."

नळ वाहत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"का?" फार हळू विचारलं त्यानं.

"गाडी झाली असती तर मला जावं लागलं असतं." आता रडू आवरेना. "मला जायचं नव्हतं. तुला सोडून जायचं नव्हतं. प्रेम आहे माझं तुझ्यावर, आणि ते सांगायची छाती नव्हती, म्हणून हा असला नालायकपणा केला. मला वाटलं, नुसती खडखड होईल. मला खरंच माहीत नव्हतं रे..."

ज्योतिबा मटकन खाली टायरवर बसला. दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. भला थोरला माणूस, लहान पोरागत रडला. ती जवळ गेली, तसा त्यानं हात वर करून तिला थांबवलं. थांबली ती. तेवढं तरी करायलाच हवं होतं.

"आठ दिस झोपलो न्हाई मी," तो म्हणाला. "एकदा तोंड उघडलं असतंस तर? मी काय खाल्लं असतं तुला?"

‘तू’ म्हणाला तो. पहिल्यांदाच, आणि ते असल्या वेळी.

"अण्णांना सांग," तो उठत म्हणाला. "ते मला न आवळताच रेघ ओढणारा, खोटा समजालेत."

ती भिजत अण्णांच्या केबिनशी गेली. सहा वर्षांत जेवढं कन्नड शिकली होती तेवढं सगळं गोळा केलं. "तप्पु नन्नदु, अण्णा." चूक माझी आहे. काय केलं, का केलं, मोडक्यातोडक्या शब्दांत सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, तिच्याकडं बघितलं, लांब उभ्या ज्योतिबाकडं बघितलं, "अय्यो देवा!" म्हणून कपाळावर हात मारला आणि फाइलमध्ये तोंड घातलं.

ती परत आली तेव्हा ज्योतिबा पाना आणि दिवा घेऊन गाडीपाशी उभा होता.

"कुठले कुठले? दाखव. आणि आवळायचे तूच."

मग तिनं एकेक नट दाखवला, लक्षात राहिलेले, विसरलेले, सगळे. तिनं आवळायचा, त्यानं दिवा धरायचा. मदतीला हात आला नाही. तळवे सोलवटले तरी ती आवळत राहिली. शेवटचा नट चौकटीच्या खालच्या बाजूला होता. दोघांना आडवं पडूनच तिथं पोचता येत होतं. इतक्या जवळ ते आजवर कधी आले नव्हते, आणि इतके लांबही.

"राग हाय मला," तो अंधारात बघत म्हणाला. "लवकर जायचा न्हाई."

"नको जाऊ दे. मीपण जात नाही."

"आणि पुणं?"

"आज आईला सांगते. गाडी झाली, पण मी येत नाही. खोकी उघडते, कुठंतरी खोली बघते, नोकरी शोधते. तू बोल, नाहीतर नको बोलू."

पाऊस पत्र्यावर एकसुरी वाजत होता.

"तू निपाणीला नको जाऊ ना," ती कुजबुजली.

"जायला लागणार. आई रडत बसली असंल. तिला तोंड दाखवायला पायजे."

"मग मी सोडते तुला. हिनंच जाऊ. आता सगळं घट्ट आहे."

"न्हाई." त्यानं दिवा दुसऱ्या हातात घेतला. "तू आवळलेल्या गाडीत बसायला मला अजून जमायचं न्हाई, सिद्धी. बसनं जातो."

तिनं मान हलवली. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. त्यानं दिवा खाली ठेवला आणि स्वतःच्या बाहीनं तिचा गाल पुसला. गालावर ग्रीस लागलं. त्यानं ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

"सोमवारी येतो," तो म्हणाला. "सकाळच्या गाडीनं. स्टँडवर येऊ नको, रिक्षानं येतो. हितंच थांब."